शटरचा टीव्ही

मुंबईतल्या मटण स्ट्रीटवरच्या दुकानात तो टीव्ही एका जुन्या शिलाई मशीनच्या बिडाच्या पायांवर ठेवला होता. त्याचे स्वतःचे चार निमुळते पाय सुतळीनं बांधून भिंतीला टेकवले होते. सागाच्या व्हिनियरची पेटी, पुढे दोन्ही बाजूंना सरकणारं पट्ट्यांचं शटर, मधोमध कुलपाची पितळी चकती. डावं शटर अर्ध्यावर अडकलं होतं. उजवं सरकवून बाहेर ओढलं, तर त्याच्या आतल्या अंगाला कुंकवाचा एक ठिपका दिसला आणि त्याच्याखाली हळदीचा. दोन्ही फिके पडून तपकिरी झाले होते. कुठल्या तरी दसऱ्याला कुणीतरी बोट टेकवलं होतं. कंपनीच्या नावाची पट्टी मात्र गायब. तिच्या जागी स्क्रूची दोन भोकं आणि आजूबाजूपेक्षा उजळ राहिलेलं चार बोटं लाकूड.

दुकानदारानं 9,000 रुपये सांगितले. आतला माल काढून नुसती पेटी हवी असेल तर 7,500. नुसत्या पेटीचा एवढा भाव ऐकून मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली, पण नाही. रिकाम्या पेटीला गिऱ्हाईक जास्त आहे. कुणी तिच्यात बाटल्या ठेवतं, कुणी मासे सोडतं, कुणी आत एलईडीचा पातळ पडदा बसवून हॉटेलच्या दारात मांडतं. पिक्चर ट्यूब, चासी, व्हॉल्व हे सगळं भंगारात जातं, तांबं तेवढं वेगळं काढून. मी त्याच्या हातावर 500 रुपये ठेवले आणि आठ दिवस काहीही काढू नका म्हणालो.

घ्यायचा की नाही, हे ठरवण्याआधी मला हा टीव्ही कुठून आला ते शोधायचं होतं. या एका पेटीची जन्मकुंडली कुणी सांगू शकणार नाही, पण तिच्या घराण्याची सांगता येते. त्या घराण्याशी माझा लहानपणापासून संबंध आहे.

लालबागच्या आमच्या चाळीत टीव्हीच्या आधी दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे गणपतीतला रस्त्यावरचा सिनेमा. गिरगावापासून परळपर्यंत गल्लोगल्ली आडवा पांढरा पडदा बांधायचे, प्रोजेक्टर रस्त्याच्या मधोमध, आणि लोक पडद्याच्या दोन्ही बाजूंना बसायचे. उलट्या बाजूला बसलेल्यांना नायक डावखुरा दिसायचा, पण त्यानं काही बिघडत नसे. दुसरी गोष्ट रेडिओ. मर्फी, बुश, फिलिप्स यांचे ते लाकडी रेडिओ भिंतीतल्या फळीवर, देवाच्या तसबिरीच्या शेजारी असत. एका खोलीत लागलेला रेडिओ चार खोल्यांत ऐकू जाई. दहा बाय सोळाच्या खोलीत आणखी वेगळं काय होणार? रेडिओ शेजाऱ्यांकडे आपण होऊन जायचा. टीव्ही तसा नव्हता. त्याच्यासाठी शेजाऱ्यांनाच उठून दारापर्यंत यावं लागलं. या एका फरकानं चाळीचे काही दिवस बदलले, असं मला वाटतं.

भारतात टीव्हीची सुरुवात दिल्लीत झाली, 15 सप्टेंबर 1959 ला, प्रायोगिक म्हणून. त्या सुरुवातीच्या दिल्लीत आपले पु. ल. देशपांडे निर्माता म्हणून काम करत होते आणि पंडित नेहरूंची टीव्हीसाठी मुलाखतही त्यांनी घेतली होती. मुंबईला त्यानंतर तेरा वर्षं थांबावं लागलं. वरळीचं केंद्र सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला. पुढच्याच वर्षी सिंहगडावरून पुण्याला चित्र दिसू लागलं. तेव्हा हे सगळं आकाशवाणीच्याच छत्राखाली होतं. ‘दूरदर्शन’ वेगळं झालं 1 एप्रिल 1976 ला.

गच्चीवर चढून अँटेना फिरवायचा आणि खालून कुणी ओरडायचं, ही सगळ्या महाराष्ट्राची आठवण आहे. ती आमची मात्र नाही. लालबागपासून वरळीचा मनोरा सरळ रेषेत जेमतेम अडीच-तीन किलोमीटर. आमच्याकडे दोन कांड्यांच्या घरातल्या अँटेनावरही चित्र यायचं. कधीकधी तर पाठीमागे नुसती वायर लोंबत असली तरी यायचं. आमची तक्रार उलटी होती. लहरी उंच इमारतींवर आपटून पुन्हा उशिरानं पोचत आणि बातम्या देणाऱ्या माणसाच्या उजव्या खांद्याला चिकटून त्याचीच एक फिकी आवृत्ती बसलेली असे. मेकॅनिक त्याला ‘घोस्ट’ म्हणत. आम्ही म्हणायचो, भूत बसलंय.

आता पेटीकडे येतो. सत्तरच्या दशकात सरकारनं परदेशी टीव्ही आणण्यावर कडक बंधनं घातली होती आणि काळे-पांढरे संच बनवण्याचं काम मोठ्या प्रमाणात लघुउद्योगांकडे सोपवलं होतं. पिलानीच्या ‘सीरी’ या सरकारी संशोधन संस्थेनं टीव्हीचं देशी तंत्र तयार करून कारखान्यांना दिलं. हैदराबादच्या सरकारी ईसीआयएलचा ‘ईसी’ टीव्ही, वेस्टन, टेलिव्हिस्टा, क्राउन, डायनोरा, आणि रेडिओवाल्यांपैकी बुश, मर्फी. टाटांच्या नेल्कोनंही टीव्ही काढले. नावं बरीच, पण पाठीमागचं भोकाभोकांचं हार्डबोर्ड उघडलं की आत पुष्कळदा तेच भाग. व्हॉल्व आणि पिक्चर ट्यूब बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे. चासी हातानं डाख देऊन जोडलेली. आणि पेटी सुताराच्या हातची, म्हणूनच एकाच कंपनीच्या दोन टीव्हींची शटरं कधीकधी जराशी वेगळी निघतात. माझ्या या बिननावाच्या टीव्हीच्या आत, वरच्या फळीच्या खालच्या बाजूला, पेन्सिलनं लिहिलेला आकडा आहे: 47. कारखान्याच्या ठशातला नाही, माणसाच्या अक्षरातला. सुतारानं फळ्या जुळवताना घातला असणार.

अशा टीव्हीला शटर का, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. धूळ हे एक कारण. परीक्षा हे दुसरं; वार्षिक परीक्षा जवळ आली की कुलूप लागे आणि किल्ली आईच्या कमरेला जाई. पण मला वाटतं खरं कारण असं की, दिवसाचा बराच भाग हा टीव्ही टीव्ही नसायचाच. प्रक्षेपण संध्याकाळचे काही तास. बाकी वेळ ते एक कपाट होतं, वर क्रोशाचा रुमाल, त्यावर फुलदाणी. करडी काच उघडी टाकून बसणं बरं दिसत नसे.

आमच्या मजल्यावर टीव्ही आला तो कोपऱ्यातल्या खोलीत. घरातले काका गिरणीत साच्यावर होते. पतपेढीचं कर्ज काढून त्यांनी तो घेतला. पोस्टातून लायसन काढलं, कारण रेडिओसारखं टीव्हीलाही तेव्हा दरवर्षी फी भरून लायसन लागे. ते ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर बंद झालं. ‘आमची माती आमची माणसं’ लागलं की गावाकडं शेती असलेले म्हातारे पुढं बसत. ‘किलबिल’ला आम्ही पुढं. ‘गजरा’ आणि ‘चिमणराव’ला सगळेच. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वेंचा गुंड्याभाऊ मी दाराच्या उंबऱ्यावर बसून पाहिले, एक डोळा दाराच्या फटीत, कारण आत जागा नसायची. बातम्यांना प्रदीप भिडे, भक्ती बर्वे, स्मिता पाटील. गुरुवारी ‘छायागीत’. गॅलरीत चपलांचा ढीग इतका मोठा व्हायचा की, रातपाळीला निघालेल्या माणसाला स्वतःच्या चपला शोधायला पाच मिनिटं लागत.

काका स्वतः रातपाळीला असले की संध्याकाळी तासभर पडत. तेव्हा टीव्ही बंद ठेवायचा, हा नियम. पण त्यांची मुलगी कधीकधी आवाज पूर्ण बंद करून, दार लोटून ‘छायागीत’ बघायची. आणि तरी आम्हा मुलांना गॅलरीत कळायचं. दाराआडून एक बारीक, तारेसारखी शिट्टी यायची. मोठ्या माणसांना ती ऐकू येत नसे, आम्हाला यायची. आम्ही जाऊन नुसते दाराला टेकून उभे राहायचो. मग ती दार उघडायची, तोंडावर बोट ठेवून.

अशा टीव्हींच्या चॅनेलच्या खटक्याला बारा घरं असत. मुंबईत केंद्र एकच. दुसरी वाहिनी 1985 मध्ये आली. म्हणजे तेरा वर्षं अकरा घरांत नुसत्या मुंग्या. आम्ही पाहुण्यांच्या मुलांना ते फिरवून दाखवायचो. काळ्या-पांढऱ्या काचेपुढं लावायचा तीन रंगांचा प्लॅस्टिकचा कागदही मिळे, वर निळा, मध्ये लालसर, खाली हिरवा. समुद्र दाखवला तर ठीक. माणूस बोलायला बसला की त्याचं कपाळ निळं आणि हनुवटी हिरवी.

1982 हे साल या घराण्याच्या इतिहासात मधोमध उभं आहे आणि गिरणगावात त्याच्याकडे एका नजरेनं बघता येत नाही. 18 जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्याच वर्षी 15 ऑगस्टला दूरदर्शनचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झालं, नोव्हेंबरात दिल्लीत आशियाई खेळ झाले, आणि त्यासाठी रंगीत टीव्हीच्या आयातीला सवलती मिळाल्या. देशाच्या पडद्यावर रंग आला तेव्हा आमच्या मजल्यावर भांडी विकली जात होती. कोपऱ्यातल्या खोलीतला टीव्ही त्या दिवाळीच्या आधी गेला. कुणाला, किती रुपयांत, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. त्याच्या जागी भिंतीवर एक उजळ चौकोन राहिला होता. मटण स्ट्रीटवर त्या पट्टीच्या जागचं उजळ लाकूड पाहिलं तेव्हा मला तो चौकोन आठवला, हे इथं सांगून टाकतो. हा तोच टीव्ही आहे असा माझा दावा नाही.

राष्ट्रीय कार्यक्रमानं आणखी एक केलं. रात्रीची मुख्य वेळ दिल्लीकडे गेली आणि मराठी कार्यक्रम संध्याकाळीच आटोपू लागले. पुढं ‘हम लोग’ आलं 1984 मध्ये, ‘रामायण’ जानेवारी 1987 मध्ये. रविवारी सकाळी लालबागचा रस्ता मोकळा पडायचा. पण तेव्हाही बऱ्याच घरांत राम काळ्या-पांढऱ्या काचेतच दिसत होता. जुने संच लगेच मेले नाहीत.

बदल झाला तो टीव्ही घेण्यामागच्या मनात. मुंबईच्याच ओनिडा कंपनीनं ऐंशीच्या दशकात शिंगं असलेल्या हिरव्या सैतानाची जाहिरात केली. ती चांगलीच गाजली आणि तिचा सगळा भर शेजाऱ्यांना वाटणाऱ्या हेव्यावर होता. त्याच्या दहा वर्षं आधी शेजारी दारात येऊन बसतात म्हणून टीव्ही घेणारे लोक होते. मी त्यांच्या उंबऱ्यावर बसलो आहे, म्हणून हे ठामपणे लिहितो. आता शेजारी जळावेत म्हणून टीव्ही घ्यायचा होता. नव्या टीव्हीला शटर नव्हतं, पण खोलीचं दार लागलं. नंतर 1991-92 मध्ये उपग्रह वाहिन्या आणि केबल आली, गच्च्यांवरच्या अँटेनांवर कावळे बसू लागले आणि पुढं ते अँटेनाही भंगारात गेले. 1 नोव्हेंबर 2012 पासून मुंबईची केबल डिजिटल झाली, पाठोपाठ दूरदर्शननंही जुनं अॅनालॉग प्रक्षेपण टप्प्याटप्प्यानं गुंडाळलं. या टीव्हीला समजणारी भाषा हवेतून गेली.

म्हणून विकत घेण्याचा प्रश्न अवघड होतो. जुना रेडिओ दुरुस्त केला तर अजून स्टेशन लागतं. जुनं घड्याळ आजचीच वेळ दाखवतं. टीव्हीचं दुसरं टोक वरळीला होतं आणि ते सुटलं आहे. त्याला आज काही दाखवायचं असेल तर मधे दुभाष्या बसवावा लागतो. आरएफ मॉड्युलेटर नावाची एक लहान डबी येते. आजच्या यंत्रातून आलेलं चित्र ती जुन्या चॅनेलवर चढवून अँटेनाच्या वायरीतून आत पाठवते. फक्त ती व्हीएचएफची हवी, या टीव्हींना वरचे चॅनेल कळत नाहीत. लॅमिंग्टन रोडवर शोधली तर काही शे रुपयांत मिळते.

पण त्याआधी टीव्ही जिवंत आहे का ते बघायचं. त्यासाठी मी गिरगावात एका जुन्या मेकॅनिककडे गेलो. वय पंचाहत्तरच्या पुढं, दुकान बंद केलंय, घरातल्या एका टेबलावर थोडंफार करतात. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “तुम्ही पिन लावून बघितलीत का?” नाही म्हटल्यावर बरं वाटलं त्यांना. चाळीस वर्षं पडून असलेल्या टीव्हीला थेट वीज दिली की आतले सुकलेले कंडेन्सर फुटतात आणि जाताना बरंच काही घेऊन जातात.

ते माझ्याबरोबर मटण स्ट्रीटला आले. दुकानदारानं मागचं बोर्ड काढून दिलं. मेकॅनिक काकांनी बॅटरी पेटवली आणि इतर काही न बघता ट्यूबच्या मानेजवळ प्रकाश मारला. काचेच्या आतून तिथं आरशासारखा चंदेरी-काळा डाग होता. “आहे,” ते म्हणाले. मग मला समजावलं: ट्यूबमध्ये उरलीसुरली हवा शोषायला हा लेप आत उडवलेला असतो. तो चंदेरी आहे तोवर पोकळी शाबूत. कुठून बारीक चीर जाऊन हवा शिरली की तोच डाग दुधासारखा पांढरा होतो. पांढरा दिसला की टीव्हीची फक्त पेटी उरली समजायचं. “बाकी सगळं मिळतं किंवा जुळवता येतं. ट्यूब कुठनं आणणार?”

व्हॉल्वही त्यांनी एकेक बघितले. सगळ्यांवर ‘पी’नं सुरू होणारे आकडे. असे व्हॉल्व एकाच तारेत ओवलेले असतात. एकाचा तंतू तुटला की सगळे विझतात. आणि अशा टीव्हीची चासी सरळ विजेला जोडलेली असते, म्हणून पेटीत हात घालताना मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर पाहिजेच. ट्यूबवर तर 15,000 व्होल्टच्या वर दाब येतो आणि टीव्ही बंद केल्यावरही काही वेळ तो आत बसून राहतो. काकांच्या उजव्या कोपरावर जुना डाग आहे, तो एका अशाच ट्यूबचा. हौसेनं, व्हिडिओ बघून हे काम घरी करायला निघालेल्या तरुणांना माझं सांगणं आहे की, करू नका. आधी जाणत्या माणसाच्या शेजारी बसा.

मग हिशेब मांडला. टीव्ही, टेम्पो, कंडेन्सर आणि एकदोन व्हॉल्व, शटरच्या खाचेचं सुतारकाम, पॉलिश, मॉड्युलेटर. वीस हजारांच्या आत बसत नव्हतं. दादरच्या आमच्या दोन खोल्यांत त्याला जागा करायची तर पुस्तकांचं एक कपाट हलवावं लागणार होतं. घरात मत पडलं की, पेटी सुंदर आहे, आत नवा पडदा बसवून घेऊ, रोज वापरता तरी येईल. सूचना शहाणपणाची होती आणि मला ती पटली नाही. चाळी पडताहेत, टॉवर उभे राहताहेत, आणि प्रत्येक सामान हलवण्यात असे टीव्ही खाली येतात. त्यांच्या पेट्या वाचतात. काच आणि तारा वाचत नाहीत. त्या सुरुवातीच्या कार्यक्रमांचंही पुष्कळसं असंच गेलं. टेप महाग, म्हणून पुसून पुन्हा वापरायचे. मग ‘चिमणराव’चा जो काही भाग कुठं उरला असेल, तो ज्या काचेसाठी केला होता त्या काचेवर एकदा तरी दिसायला हवा. त्या मंडळींनी तो रंग काढून केलेला नव्हता, राखाडीच्या छटा धरून प्रकाश बांधला होता. सपाट पडद्यावर तो नुसता जुना दिसतो.

टीव्ही काकांच्या घरी गेला. महिना लागला. कंडेन्सर बदलले, एक व्हॉल्व त्यांच्याच ट्रंकेत निघाला. कुंकवाच्या ठिपक्याला पॉलिश लावायचं नाही, एवढं मी सुताराला दोनदा सांगितलं.

ज्या दिवशी लावायचा त्या दिवशी माझा दहा वर्षांचा पुतण्या बरोबर आला होता. काकांनी टीव्हीच्या वायरीत शंभर वॉटचा बल्ब घातलेला सिरीज बोर्ड जोडला आणि बटण दाबलं. बल्ब लख्ख पेटला, मग हळूहळू मंद झाला. काकांनी मान डोलावली. आत शॉर्ट नाही. बल्ब काढून त्यांनी वीज सरळ दिली. आम्ही वाट बघितली. ट्यूबच्या मानेत नारिंगी ठिणगीएवढा उजेड आला. काचेवर काहीच नाही. काकांनी आवाजाचा खटका शून्यावर नेऊन ठेवला होता, त्यामुळे खोलीत अगदी शांतता होती.

“काहीतरी वाजतंय,” पुतण्या म्हणाला.

“काय वाजतंय?”

“शिट्टी. बारीक. तुम्हाला नाही ऐकू येत?”

काकांनी माझ्याकडं बघितलं. सेकंदाला 15,625 वेळा ती रेघ काचेवरून फिरते, तिचा तो आवाज. आम्हा दोघांनाही काहीच ऐकू येत नव्हतं. मग काचेवर मुंग्या दिसू लागल्या.